लायटनिंगला घेऊन यावलपर्यंत

खानदेशात जाऊन आलेले लोक पालच्या थंड हवेचं सांगतात, उनपदेवच्या गरम पाण्याचं सांगतात, पद्मालयाच्या तळ्यातल्या कमळांचं सांगतात. मी नोकरीच्या निमित्तानं धुळ्यात काही वर्षं काढली, पण यांतलं एकही ठिकाण धड पाहिलं नाही. मला जो काही खानदेश दिसला तो एका कुत्र्यामुळे. शहाऐंशीच्या हिवाळ्यात त्याला घर शोधायला मी धुळ्याहून जळगावला आणि तिथून यावलला गेले. प्रवास म्हणाल तर अगदीच लहान. आज कुणी मोटारीनं निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येईल. पण सांगलीला परतल्यावर, मुलं मोठी झाल्यावर, मला सगळ्यात जास्त आठवतो तो हाच प्रवास.

धुळे

मी ट्रंक एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आताच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे कॉल नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. साधा कॉल, त्याहून घाईचा अर्जंट, आणि सगळ्यात घाईचा तो लायटनिंग. आम्ही मुली कानाला हेडसेट लावून बोर्डासमोर बसायचो आणि दोऱ्या खोचून हे गाव त्या गावाला जोडून द्यायचो. दिवसभर दुसऱ्या गावांच्या ऑपरेटरशी बोलणं, पण एकमेकांची नावं फारशी कुणाला माहीत नसायची. माणसाचं नाव म्हणजे त्याचं गाव. "जळगाव, धुळे बोलतेय. भुसावळ दे गं." "धुळे, जरा थांब, भुसावळ जेवायला गेलंय."

जळगाव म्हणजे एक गोड, नाजूक, हसरा आवाज. सणाला आधी शुभेच्छा द्यायची आणि मग लाइन. यावल म्हणजे एक पुरुषी, तुटक आवाज. "बोला." "लाइन कामाला आहे." "ठेवा." या तीन वाक्यांपलीकडे यावलनं कधी चौथं वाक्य उच्चारलं नव्हतं. आम्ही मुली त्याला खडूस यावल म्हणायचो.

तर अशात मला कुत्रा सापडला. आग्रा रोडवर गावाबाहेर एक ढाबा होता. मैत्रिणींबरोबर तिथं चहाला गेले होते, तर एक तपकिरी-पांढरा, लांब कानांचा, केसाळ कुत्रा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक पांढऱ्या मोटारीमागे जीव खाऊन पळत होता. थोडं अंतर जायचा, थांबायचा, परत यायचा. ढाबेवाला म्हणाला, "ताई, एक पांढरी गाडी चहाला थांबली होती. हे खाली उतरलं आणि गाडी निघून गेली. विसरले की सोडून गेले, देव जाणे. तेव्हापासून हेच चाललंय. एक दिवस ट्रकखाली येणार बघा."

मी ढाबेवाल्याकडे माझा पत्ता ठेवला आणि कुत्र्याला घेऊन आले. त्याच्यासाठी कुणीही आलं नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा स्पॅनियल आहे, पक्ष्यांच्या शिकारीला नेतात तसला, आणि याला रोज भरपूर पळवलं नाही तर हा घर डोक्यावर घेईल. ते शब्दशः खरं ठरलं. देवपुरातल्या माझ्या एका खोलीत तो भिंतीवर चढायचाच काय तो बाकी होता. सतरंजी, चप्पल, हेडसेटचं जुनं कव्हर, घरमालकीणबाईंची केरसुणी, सगळं त्याच्या तोंडातून जाऊन आलं. मी सकाळी ड्यूटीच्या आधी त्याला पांझरेच्या काठानं पळवायची, संध्याकाळी परत पळवायची. मी दमून बसले की तो माझ्यासमोर उभा राहायचा, आता कुठे जायचं, अशा चेहऱ्यानं. एक्स्चेंजमधल्या मुलींनी त्याचं नाव ठेवलं लायटनिंग.

त्याला मारामारी येत नव्हती, चावणं येत नव्हतं. येत होतं ते फक्त आणून देणं. एका सकाळी त्यानं शेजारच्या बाईंची कोंबडी तोंडात धरून आणली आणि माझ्या पायाशी ठेवली. कोंबडीला ओरखडासुद्धा नव्हता, पण ती भेदरून अंडी द्यायची थांबली. बाई काही वाईट नव्हत्या. त्या अंड्यांवर त्यांचं घर चालायचं. मला म्हणाल्या, "एकदा झालं ते झालं. परत माझ्या दारात आलं तर भाकरीत काहीतरी घालून ठेवीन, मग मला बोल लावू नको." त्या बोलल्या तसं करणाऱ्या होत्या. त्या दिवसापासून मी ड्यूटीवर असताना माझा जीव खोलीच्या कडीत अडकलेला असायचा.

मग मला जे एकच साधन वापरता येत होतं ते मी वापरलं. कॉल कमी असले की विचारायची, "जळगाव, कुणाला कुत्रा हवाय का गं? चांगल्या जातीचा आहे, प्रेमळ आहे, फक्त एका जागी बसत नाही." जळगावनं भुसावळला विचारलं, भुसावळनं फैजपूरला, अमळनेरनं चोपड्याला. दोन दिवसांत अर्ध्या खानदेशात माझ्या कुत्र्याची बातमी पोचली. यावलला मी स्वतः विचारलं. उत्तर आलं, "लाइन कामाला आहे. ठेवा."

शेवटी जळगावच म्हणाली, "तू आण त्याला माझ्याकडे. पिंप्राळ्यात घर आहे माझं, अंगण आहे. मी ठेवते."

धुळे ते जळगाव

एसटीत कुत्रा घेऊन चढणं हा एक स्वतंत्र अनुभव आहे. मी त्याला वेताच्या मोठ्या करंडीत बसवून वर ओढणी बांधली होती. कंडक्टरनं करंडीकडे पाहिलं, करंडीनं शिंक दिली.

"बाई, जनावर चालणार नाही."

मी काही बोलायच्या आत पुढच्या सीटवरचे एक म्हातारे वळले. पांढरी टोपी, कानात बाळी. त्यांनी ओढणी उचलून पाहिलं. "हाई काय शे, बहीन?"

"कुत्रा आहे, आबा."

"कुत्रा? कान ते बकरीना शेतस!" सगळी गाडी बघायला उठली. कुणी म्हणालं बकरू आहे, कुणी म्हणालं अस्वलाचं पिल्लू. आबांनी मागची बाजूही तपासली. "शेपटी कथी गयी?" मी सांगितलं की या जातीची शेपटी लहानपणीच कापतात. आबांना ते अजिबात आवडलं नाही. ते कंडक्टरकडे वळून म्हणाले, "येनी शेपटी कापी, मालकनी सोडी दिधं, आनि तू आते गाडीमाईन उतारस का?" म्हणजे याची शेपटी कापली, मालकानं सोडून दिलं, आणि आता तूही गाडीतून उतरवतोस का? कंडक्टरनं बिचाऱ्यानं घंटीची दोरी ओढली. आबांनी सगळ्यांना हुकूम सोडला, "सरका बठ्ठा, बसू द्या तेले."

आमच्या सांगलीकडे गाडीत शेजारी बसलेला माणूस आधी तुमचं गाव विचारतो, मग आडनाव, मग हळूहळू जात. इथं आधी तुमचा डबा उघडतात. पारोळ्यापर्यंत माझ्या मांडीवर कुणाची तरी शेंगदाण्याची चटणी, कुणाच्या तरी दशम्या आणि लसणीचा ठेचा जमा झाला होता. बाहेर कपाशी वेचून झालेली काळी रानं आणि त्यांच्या मधून उभी असलेली हिरवी दादर. हिवाळी ज्वारीला खानदेशात दादर म्हणतात. कणसं नुकती बाहेर पडत होती आणि पाखरांचे थवे एका शेतावरून उठून दुसऱ्यावर बसत होते. लायटनिंग करंडीतून मान काढून प्रत्येक थव्याबरोबर डोकं फिरवत होता.

एरंडोलला गाडी थांबली आणि त्यानं उडी मारली. सरळ खिडकीतून. मी ओरडत खाली उतरले. स्टँडवरची कावळ्यांची सभा त्यानं उधळली, रसवंतीच्या बाकाखालून गेला, आणि परत आला तेव्हा त्याच्या तोंडात एक पांढरी टोपी होती. आबा नळावर तोंड धुवायला उतरले होते आणि टोपी त्यांनी कट्ट्यावर काढून ठेवली होती. "मनी टोपी!" म्हणून ते धावले. लायटनिंगनं टोपी माझ्या पायाशी ठेवली आणि शाबासकीसाठी वर पाहिलं. मी लाजेनं मेले. आबांनी टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि पुढे जळगावपर्यंत ज्याला त्याला सांगत राहिले की हे जनावर चोर नाही, चोर असतं तर घेऊन पळालं असतं.

पिंप्राळा

जळगावच्या नाजूक आवाजाची मी मनात एक मुलगी रंगवली होती. दोन वेण्या, सडपातळ, माझ्याच वयाची. पिंप्राळ्याच्या एका कॉलनीत दार उघडलं ते निवृत्तीला आलेल्या एका भरदार बाईंनी. जाड चष्मा, गुडघ्याला गरम पट्टा बांधलेला. मी विचारलं, "इथे त्या एक्स्चेंजमध्ये..."

"अगंबाई, धुळे!" त्या ओरडल्या. आवाज तोच.

त्यांचं नाव शकुंतला. शकुंतलाताई आणि मी समोरासमोर बसलो आणि आम्हाला बोलायलाच येईना. वर्षानुवर्षं रोज बोलत होतो, एकमेकींचं सर्दी-पडसं आवाजावरून ओळखत होतो, आणि आता चहाच्या कपात बघत बसलो होतो. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि माझ्याकडे पाठ करून भाकरी थापायला लागल्या. आणि काय आश्चर्य, तोंडं दिसेनाशी झाली तशा गप्पा सुरू झाल्या. त्यांचे यजमान जाऊन बराच काळ झाला होता. मुलगा दिवसभर कामावर, सून बाळंतपणाला माहेरी. उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या.

"मला ना गं भीती वाटते," त्या भाकरी तव्यावर टाकत म्हणाल्या. "इतकी वर्षं कानात सारखं कुणीतरी बोलत असतं. एकदम सगळं गप्प झालं तर? म्हणून म्हटलं, असू दे घरात एक हलतं-चालतं."

जेवायला शेवभाजी होती, वर लाल तर्री, आणि कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळतात ते कळणं. आमच्याकडे रश्शाचा तिखटपणा जिभेवर येतो आणि जातो, खानदेशातला कानामागून परत येतो. माझ्या डोळ्यांतलं पाणी बघून शकुंतलाताईंनी माझ्या ताटात गूळ ठेवला आणि हसून हसून डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर बिबड्या वाळत घातल्या होत्या. ज्वारीचे हे पापड कापडावर ओले थापतात आणि उन्हात सोडतात. शेजारच्या दोघीतिघींनी मिळून वर्षाचं काम केलं होतं. गच्चीवर चिमण्या उतरल्या आणि लायटनिंग चिमण्यांवर उतरला. आम्ही वर पोचलो तेव्हा तो कापडाच्या मधोमध उभा होता आणि पंजांना चिकटलेल्या बिबड्या झटकत होता. शेजारणी काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही. शकुंतलाताईंनी मात्र सगळ्यांची समजूत घातली, नवीन पीठ भिजवायचं कबूल केलं आणि मला म्हणाल्या, "शिकेल. त्याला जरा फिरवून आणते, म्हणजे शांत होईल."

मी बरोबर येते म्हटलं तर ऐकेनात. आपल्या कुत्र्याला आपणच फिरवायचं, म्हणाल्या. साखळी मनगटाला गुंडाळून त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. तिथं एक बगळा गटाराच्या काठावर उभा होता.

मी धावत गेले तेव्हा शकुंतलाताई रस्त्यात बसलेल्या होत्या. दोन्ही गुडघे फुटलेले, चष्मा लांब पडलेला. लायटनिंग त्यांच्याभोवती गोल गोल फिरत कुंई कुंई करत होता. मग त्यानं जाऊन चष्मा उचलला आणि आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. ते बघून त्या रडायला लागल्या. मला वाटलं लागलं म्हणून रडताहेत.

"लागल्याचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "मला ठेवायचा होता त्याला. पण माझ्यानं नाही होणार. हा पळणारा आहे आणि मी बसणारी."

मी त्यांना उठवलं, घरी आणलं, हळद लावली. दुपारभर त्या पाय लांब करून पलंगावर बसल्या होत्या आणि लायटनिंग त्यांच्या पायाशी. तेवढा वेळ मात्र तो हलला नाही. संध्याकाळी त्यांनीच मार्ग काढला. यावलकडचे एक केळीवाले नाना त्यांना ठाऊक होते. केळ्यांचा भाव विचारायला रोज जळगावला कॉल लावणारे, दिलदार माणूस. मळ्यात कुत्रा हवाच म्हणाले होते. "तिथं त्याला पळायला जागा मिळेल," शकुंतलाताई म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या.

यावल

भुसावळवरून पुढे तापी ओलांडली की देश बदलतो. काळी रानं संपतात आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू होते. मी तोवर केळीची झाडं परसात चार-दोन अशी पाहिलेली. इथं मैलच्या मैल केळी. वर हिरवं छत, खाली ओल आणि गारवा, वारा आला की सगळी पानं एकदम पावसासारखी वाजतात. उत्तरेला सातपुड्याची निळी ओळ. लायटनिंगला पाण्याचा वास आला असावा. तो करंडीत उभा राहिला तो यावल येईपर्यंत बसलाच नाही.

नाना स्टँडवर बैलगाडी घेऊन आले होते. उंच, मिशाळ, बोलणं मोठ्यानं. "बैस वं माय, बैस. शकुंतलाबाईनं सांगेल आहे मले समदं." मळ्यात पोचलो तर भरताचा बेत होता. खानदेशातलं भरीत चुलीवर होत नाही, रानात होतं. वाळलेल्या कपाशीच्या काड्यांचा जाळ करून त्यात वांगी टाकतात. पांढरट-हिरवी, हाताएवढी वांगी. सालं काढून लाकडी भांड्यात मिरची-लसणाबरोबर ठेचतात, वर कांद्याची पात आणि तळलेले शेंगदाणे. केळीच्या पानावर वाढलेलं ते भरीत मी किती खाल्लं ते सांगत नाही. नानांच्या घरच्या बायका वाढत होत्या आणि नको म्हणायला जागाच ठेवत नव्हत्या.

जेवण झाल्यावर नाना म्हणाले, "चला, तुमच्या पाहुण्याले जागा दाखवतो."

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीबाहेर त्यांनी खुंटी ठोकून ठेवली होती. नवी कोरी साखळी, जाड, बैलाला शोभेल अशी. शेजारी घमेल्यात पाणी, वर सावलीला पत्रा. सगळं मनापासून केलेलं. "मोटारीची केबल चोरतात ना वं माय. कुत्रं बांधेल असलं म्हणजे कोणी येत नाही. चार दिवस ओरडंल, मग होईल सवय."

साखळी गळ्यात पडली. लायटनिंग एका झेपेत निघाला, साखळी संपली तिथं हवेतच मागे फेकला गेला आणि पाठीवर पडला. परत निघाला. परत पडला. तिसऱ्यांदा तो उठला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

मला बोलायला हवं होतं. पण नानांचं भरीत माझ्या पोटात होतं, त्यांच्या सुनेनं माझ्या पिशवीत केळी भरली होती, आणि ढाब्यावरून उचलून आणलेल्या कुत्र्यासाठी एवढं करणाऱ्या माणसाला मी काय तोंडानं सांगणार होते की तुमची जागा चांगली नाही? मी म्हटलं, पोचल्याचं जळगावला कळवून येते. आणि यावलच्या एक्स्चेंजकडे चालू लागले. मागून त्याचं ओरडणं येत होतं. केळीत आवाज लांबवर जात नाही. थोड्याच वेळात तो बंद झाला, आणि ते जास्त वाईट होतं.

एक्स्चेंज म्हणजे बाजारपेठेतली एक भाड्याची खोली. बोर्डासमोर चाळिशीचे एक गृहस्थ बसले होते. सडसडीत, इस्त्रीचा शर्ट, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. हेच खडूस यावल. त्यांचं नाव तायडे. मी म्हटलं, "मी धुळे."

ते उभेच राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि शब्द अडकला. ओठ थरथरले, मान ताणली गेली, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आलं, "ब्... ब्... बसा."

तेव्हा मला कळलं. त्यांचे वडील टेलिफोन खात्यात लाइनमन होते, कामावर असतानाच वारले, म्हणून त्यांच्या जागी मुलाला घेतलेलं, असं पुढे समजलं. रोजची ठरलेली दोन-तीन वाक्यं तेवढी त्यांच्या जिभेवरून न अडखळता जायची. म्हणून तीच ते बोलायचे.

त्यांनी चहा मागवला, जळगाव जोडून दिलं. शकुंतलाताईंनी पहिलंच विचारलं, "रमला का गं?"

"हो," मी म्हटलं. आणि मग खरं सांगितलं. "साखळीला बांधलाय, ताई. विहिरीवर."

मग त्या म्हणाल्या, "मग परत घे."

"कसं सांगू नानांना? जेवलेय मी त्यांच्याकडे. आणि परत नेऊन तरी कुठे नेऊ? धुळ्याला शेजारच्या बाई बसल्याच आहेत."

ऑपरेटर कॉल ऐकतो, पण मध्ये बोलत नाही. हा आमचा पहिला नियम. तायडेभाऊंनी तो मोडला. ते बोर्डावरून माझ्याकडे वळले. "म्... मी सांगतो."

"काय सांगता?"

"न्... नानांना. म्... मला द्या म्हणतो." त्यांनी हेडसेट काढला आणि माझ्या हातात दिला. "ब्... बोर्ड बघा." मी काही म्हणायच्या आत ते सायकलवर टांग मारून गेलेसुद्धा.

अशी मी त्या दुपारी यावल झाले. एक कॉल आला. जळगावच्या दुसऱ्या बोर्डावरची कुणीतरी मुलगी होती. "यावल?" मी म्हटलं, "यावल, बोला." तिनं दचकून विचारलं, "अगं, हे कोण?" मी लाइन जोडून दिली. कापसाचे भाव, बाळंतपणाची खबर, कुणाचा तरी ठरलेला साखरपुडा असं काय काय माझ्या हातून पार पडलं. पण लक्ष सगळं दाराकडे होतं. मला वाटत होतं, नानांसमोर ते उभे असतील, पहिलाच शब्द अडकला असेल, आणि गडीमाणसं तोंडावर हात धरून हसत असतील.

सायकलची घंटा वाजली. आधी लायटनिंग आला, मोकळा, कानापर्यंत चिखलात माखलेला. त्यानं माझ्या मांडीवर दोन्ही पाय ठेवले. मागून तायडेभाऊ, आणि त्यांच्या मागे बैलगाडीतून खुद्द नाना.

नाना खोलीत येऊन बाकावर बसले. "बाई, तुम्ही मले सांगाले काहून लाजल्या?" नानांनी तायडेभाऊंकडे बोट दाखवलं. "हा मानूस रोज मह्या शेताच्या कडेनं सायकलवर जातो. इतकी वर्षं झाली, रामराम केला तर मुंडी हलवतो नुसती. आज मह्यासमोर उभा राहिला अन् बोलला. घाम आला त्याले, पन पुरं बोलला. म्हने, नाना, हे कुत्रं राखनीचं नाही, पळनाऱ्याचं आहे, मी रोज गावाहून येतो-जातो, मले द्या. आता एवढं बोलेल मानसाले नाही कसं म्हनू?" मग त्यांनी मोठ्यानं हसून मांडीवर थाप मारली. "केबलसाठी मी आपला गावठी बघतो."

तायडेभाऊ बोर्डाकडे तोंड करून बसले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

अक्का

पण खरी परीक्षा पुढे होती. तायडेभाऊंचं गाव यावलपासून सायकलनं अर्ध्या-पाऊण तासावर. ड्यूटी संपल्यावर मला त्यांनी टांग्यात बसवलं आणि स्वतः सायकलवर निघाले. पाटाच्या कडेनं वाट होती. लायटनिंग कधी सायकलच्या पुढे, कधी पाटाच्या पाण्यात, कधी दादरच्या शेतात. त्याच्या पुढे पाखरांचा थवा उठायचा, तो थांबून बघायचा आणि परत सायकल गाठायचा. मी त्याला इतके आठवडे सांभाळलं होतं, पण तो पळतो कसा हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

दारात तायडेभाऊंची आई उभी होती. सगळे तिला अक्का म्हणायचे. ठेंगणी, नऊवारीचा काचा मारलेला, हातात विळा. कुत्रा दिसताच ती दोन पावलं मागे सरली आणि विळा पुढे आला.

"कुत्रं नको मह्या घरात."

तिला पूर्वी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. पोटात घ्यायची ती इंजेक्शनं, तेवढ्यासाठी रोज जळगावला जाणं, आणि त्यात शेजारची तिची मैत्रीण इंजेक्शनं अर्धवट सोडून दगावली होती. हे तिनं मला उंबऱ्यात उभं राहूनच सांगितलं. मी म्हटलं, "अक्का, तुमचं बरोबर आहे. मी घेऊन जाते त्याला." आणि मी लायटनिंगच्या गळपट्ट्याला हात घातला.

तायडेभाऊ आईसमोर जाऊन उभे राहिले. लहान मूल उभं राहतं तसे नुसते उभे राहिले. अक्कानं त्यांच्याकडे पाहिलं, मग कुत्र्याकडे, मग परत त्यांच्याकडे.

"मागतलं नाही यानं कधी काही," ती मला म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "लहानपनापासून नाही. मागाचं म्हनजे बोलावं लागते ना." ती विळा टेकवून ओट्यावर बसली. "गोठ्यात राहील. मले शिवनार नाही. अन् चावलं कोनाले तर मी ठेवनार नाही. सांग तुह्या कुत्र्याले."

मी सांगितलं. लायटनिंग गोठ्यात गेला, म्हशीला हुंगून आला, आणि अक्कापासून बरोबर तेवढ्या अंतरावर बसला जेवढं तिला सहन होत होतं. त्या रात्री मी अक्काच्या शेजारी घोंगडीवर झोपले आणि सकाळच्या गाडीनं धुळ्याला परतले. निघताना लायटनिंगला भेटले नाही. तो तायडेभाऊंबरोबर केव्हाच यावलला गेला होता.

पुन्हा एकदा

पुढच्या हिवाळ्यात माझी सांगलीला बदली झाली. जायच्या आधी शकुंतलाताईंना घेऊन मी परत यावलकडे गेले. त्या निवृत्त झाल्या होत्या. सुनेला मुलगी झाली होती, आणि ती इतकी रडते की घरात शांतता म्हणून मिळत नाही, असं त्या मोठ्या आनंदानं सांगत होत्या.

गावाच्या अलीकडे पाटाच्या कडेला आम्ही टांगा थांबवला. केळीच्या मधून सायकल येताना दिसली आणि सायकलच्या पुढे तो. अंगावर वाळलेला चिखल, कानात कुसळं, पूर्वीपेक्षा बारीक आणि काटक. त्यानं आम्हाला ओळखलं. धावत आला, माझ्या साडीवर पाय ठेवले, शकुंतलाताईंचे हात चाटले. त्यांनी चष्मा काढून हातात घट्ट धरला आणि खाली वाकून त्याला कुरवाळलं. तायडेभाऊ सायकलवरून उतरून बाजूला थांबले. आमचं होऊ दे म्हणून त्यांनी पाठ वळवली होती.

"भाऊ, अक्का कशा आहेत?" मी विचारलं.

"ब्... बरी आहे." मग थोडं थांबून, घाई न करता, मला वाट बघायला लावत त्यांनी पुढचं वाक्य पुरं केलं. "र्... रोज याच्या कानातली कुसळं काढते. म्... मला हात लावू देत नाही. मला नीट येत नाही म्हणते."

ते सायकलवर बसले. लायटनिंग आमच्या दोघींमध्ये उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं. मग शेपटीचा तो एवढासा तुकडा हलवला आणि सायकलमागे गेला. वळणावर त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

"जेवायला बोलावलंय अक्कानं," शकुंतलाताई डोळे पुसत म्हणाल्या. "चल, उशीर नको."

गाव समोरच होतं, म्हणून टांगा आम्ही पुढे पाठवला. आम्ही दोघींनी चपला हातात घेतल्या आणि पाटाच्या कडेनं, ओल्या मातीतल्या त्या ताज्या पावलांवरून चालत निघालो.